उकड्या तांदळाचा शेक

आमच्या अनुपमाची मान धरली ती नेमकी फायनलच्या आदल्या दिवशी सकाळी. आता मान काय कुणाची धरत नाही? माझी धरते, आमच्या ह्यांची धरते. बाम चोळायचा आणि कामाला लागायचं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी चेंबूरला महिला कॅरमची फायनल, आणि आमच्या सूनबाई पलंगाच्या कडेला बसून डावीकडे बघायचं तर अख्खं अंग वळवतायत. मला बघून म्हणाली, काही नाही आई, होईल बरं. आणि एवढं बोलताना डोळ्यांत पाणी.

मी रत्नप्रभा. घाटकोपरला पंतनगरात हाउसिंग बोर्डाच्या बिल्डिंगीत राहते. तोंडावर सगळे रत्नाकाकी म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. म्हणू देत. माझं तोंड फटकळ आहे, पण मी कधी कुणाचं वाईट केलं नाही.

तुम्ही म्हणाल, मिलवाल्याच्या घरात सुनेला कॅरम कुठून आला? तर सांगते. ब्याऐंशीच्या संपात मिल बंद पडली तेव्हा आमचे हे, म्हणजे गुणाजी, आणि त्यांच्यासारखे आणखी काही जण गॅलरीत दिवसभर कॅरम कुटत बसायचे. संप काही मिटला नाही. हे शेवटी भांडुपला एका कारखान्यात लागले, बोर्ड तेवढा गॅलरीत राहिला. मग आमच्या लवूचं लग्न झालं आणि अनुपमा आली. सुरुवातीला मान खाली घालून सगळ्यांना चहा द्यायची. एका रविवारी चौथा गडी कमी पडला म्हणून मीच म्हटलं, बस गो तू. तिने पदर खोचला आणि एकेकाला असा धुतला की विचारू नका. पुरुषांचं कसं असतं, हरायला लागले की त्यांना घरची कामं आठवतात. हळूहळू गॅलरी रिकामी झाली. मग मीच तिला चेंबूरच्या क्लबात नेऊन घातली.

आणि ती नुसती खेळायची म्हणून खेळत नव्हती आता. सेमीफायनलला एका बँकेचे साहेब येऊन बसले होते. बँकेच्या महिला संघात एक जागा भरायची होती, आणि त्यांनी क्लबाच्या सेक्रेटरीला सरळ सांगितलं होतं, जी फायनल जिंकेल तिला आम्ही घेऊ. बँकेतली कायमची नोकरी म्हणजे काय, हे ज्यांच्या घरातली मिल गेली त्यांना विचारा. वर वयाची अट होती, आणि अनुपमा ती दिवाळीनंतर ओलांडणार होती. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

लोकांना वाटतं कॅरम हा बोटांचा खेळ. अहो, मानेचा खेळ आहे तो. खुर्चीवरून उठायचं नाही, खुर्ची सरकवायची नाही. सोंगटी आपल्याच अंगाजवळच्या कोपऱ्यात येऊन पडली की मान वळवून खाली बघत अंगठ्याने मारावी लागते. मान वळली नाही तर अर्धा बोर्ड समोरच्याला दान दिल्यासारखाच.

डॉक्टरांकडे नेली. त्यांनी सांगितलं, स्नायू आखडलाय, विश्रांती घ्या आणि गरम शेक द्या. गोळी देतो, पण तिने गुंगी येईल. गुंगीत कॅरम खेळायचा तर गोळी नकोच, असं अनुपमा म्हणाली, आणि आम्ही नुसता शेकाचा सल्ला घेऊन घरी आलो.

घरी येतो तर ह्यांनी वेगळाच डॉक्टर आणून बसवलेला. समोरच्या बिल्डिंगीतले भाऊराव पायाळू. जन्मताना पाय आधी बाहेर आलेला माणूस, त्याने लाथ लावली की उसण जाते म्हणतात. कुणाची कंबर धरली, पाठ धरली की भाऊरावांना निरोप जातो. बिचारे आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आले होते. अनुपमाला पाटावर बसवलं आणि त्यांनी देवाचं नाव घेऊन तिच्या मानेला तीनदा पाय लावला. पहिल्या दोन वेळा हलकेच लावला. तिसऱ्या वेळी त्यांचा तोल गेला. भाऊराव अंगाने भरलेले. पोरगी किंचाळली, आणि सकाळी उजवीकडे तरी वळत होती ती मान आता कुठेच वळेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी ह्यांच्याकडे फक्त बघितलं, आणि हे चप्पल घालून सेकंड शिफ्टला निघून गेले, शिफ्टला अजून बराच वेळ होता तरी.

मग मी माझे उपाय सुरू केले. लवूच्या पायमोज्यात खडं मीठ भरून तव्यावर तापवलं. मोजा खालून करपला, मीठ गळायला लागलं, आणि तिच्या मानेवर लाल डाग उठला. रबरी पिशवीत गरम पाणी भरलं, तर ती मेली मानेवर ठरेचना. इकडून बसवावी तर तिकडून घसरते. सारखं पाणी बदलायचं म्हणून पातेलं पुन्हा गॅसवर ठेवलं आणि गॅस भस्सकन विझला. सिलिंडर संपला. नंबर लावलेला होता, पण तो येणार केव्हा ते गॅसवाल्यालाच माहीत. दुष्काळात तेरावा महिना.

आता भर दुपारी बिल्डिंगीत उघडं सापडणारं घर एकच, वनमालाचं. आणि वनमालाशी माझं बोलणं बंद.

ही वनमाला आमच्या वरच्या मजल्यावर राहते. तिचा नवरा खंडू मस्कतला असतो. ती धुतलेले कपडे न पिळता वाळत घालते आणि त्याचं पाणी माझ्या पापडांवर गळतं, एवढंच भांडण. एवढंच म्हणते, पण ते चांगलं तापलं होतं. त्यात खंडूने गेल्या खेपेला मायक्रोवेव्ह ओव्हन आणला. आख्ख्या बिल्डिंगीला बोलावून हिने दाखवला, काचेच्या ग्लासात पाणी ठेवलं आणि आगीशिवाय उकळलं म्हणे. फक्त आम्हाला बोलावलं नाही. ते यंत्र तिने हॉलमध्ये क्रोशाचं झाकण घालून ठेवलं होतं, वर फुलदाणी. त्यात कधी काही शिजलेलं माझ्या तरी ऐकण्यात नव्हतं.

पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी जिना चढले. दार उघडल्यावर वनमाला माझ्याकडे बघतच राहिली. मी पापडांचा विषय काढला नाही, तिनेही काढला नाही. अनुपमाची मान धरलीय, उद्या फायनल आहे, गॅस संपलाय, थोडं पाणी तापवून दे, असं सगळं एका दमात सांगून टाकलं. मागण्याची सवय नाही मला, त्यामुळे आवाज भांडल्यासारखाच लागला.

वनमाला म्हणाली, पाण्याच्या पिशवीने काय होणार काकी, धान्याची पिशवी करा. ती स्वतः मस्कतला काही महिने राहून आली होती. तिथे शेजारी केरळची एक नर्स होती. दिवसभर पेशंट उचलून तिचे खांदे भरून यायचे, तर तिने गव्हाची पिशवी शिवून ठेवली होती. ओव्हनमध्ये दोन मिनिटं टाकली की ऊबदार, आणि कापडाची असल्यामुळे मानेवर जशी ठेवावी तशी बसते.

मला पटलं. गहू मात्र नको म्हटलं. रेशनच्या गव्हात निम्मे खडे, निम्मे टोके. आमच्या घरात गावचा उकडा तांदूळ होता, जाड, लालसर, हातात घेतला तर वजन कळणारा. पेज करून प्यालं तर दुपारपर्यंत पोटात ऊब राहते, मग मानेवर का नाही राहणार?

मी खाली आले आणि मशीनवर बसले. आता इथे माझी अक्कल कुठे गेली ते ऐका. पांढऱ्या फडक्याची पिशवी करायची माझी तयारीच नव्हती. उद्या चेंबूरच्या हॉलमध्ये चार माणसांत ती पिशवी माझ्या सुनेच्या गळ्यात असणार. लोकांनी काय म्हणावं, सासूने चिंधी बांधून पाठवली? ट्रंकेत माझ्या लग्नातला शालू होता. आतलं कापड विरलं होतं, पण काठ अजून लखलखीत, अस्सल जरीचा. तो मी कापला. कापताना जीव कळवळला, खोटं कशाला सांगू. पण मुलीच्या मोठ्या दिवसाला आपलं काहीतरी चांगलं तिच्या अंगावर असावं, एवढंच मनात होतं. दोन्ही कडांना जरीकाठ लावून, आत तांदूळ आणि वासाला मूठभर ओवा भरून, मस्त देखणी पिशवी घेऊन मी वर गेले.

वनमालाने फुलदाणी उतरवली, झाकण काढलं, पिशवी आत ठेवली, बटण फिरवलं. आत दिवा लागला, बशी गरगर फिरायला लागली. मी कौतुकाने वाकून बघते तर आत तड तड आवाज आणि निळ्या ठिणग्या. आधी एक, मग सगळ्या काठावरून. वनमालाने धावत जाऊन प्लग उपटला. दार उघडलं तर जळका वास आणि थोडा धूर.

पापडांचं भांडण एक वेळ निस्तरता येतं, पण हे कसं निस्तरायचं? नवरा परदेशात राबतो, त्याने हौसेने आणलेली वस्तू, आणि मी पहिल्याच खेपेला जाळली. मी काही बोललेच नाही. माझ्या ओळखीचं कुणी तिथे असतं तर मला ताप आलाय म्हणालं असतं.

वनमालाने पिशवी उलटसुलट करून बघितली. "जर आहे ना ही काकी," ती म्हणाली. "जर म्हणजे तार. ह्यात धातूचं काही ठेवायचं नसतं, मीच सांगायला विसरले."

मग तिने काचेच्या कपात पाणी घातलं, आत ठेवलं, आणि दोघी श्वास रोखून उभ्या राहिलो. पाणी तापलं. वनमाला खाली बसली आणि हसायला लागली. एवढी हसली की मलाही आवरेना. तिने सांगितलं, हे यंत्र आल्यापासून ती त्यात फक्त दूध गरम करत होती. बिघडलं तर खंडूला काय सांगू ह्या धाकाने दुसरं काही ठेवायची हिंमतच नव्हती. आता एवढी दिवाळी होऊनही ते चालतंय म्हटल्यावर तिची भीती गेली.

मग तिने उशीच्या अभ्र्यांसाठी आणलेला पांढरा मांजरपाट काढला आणि आम्ही दोघींनी दोन पिशव्या शिवल्या. तोंड मी हाताने बारीक टाक्यांनी शिवलं. पहिली पिशवी गच्च भरून दगडासारखी झाली होती, म्हणून ह्या वेळी तांदूळ कमी भरले. थोडी सैल राहिली तरच ती मानेच्या खळग्यात बसते. आणि पिशवीसोबत कपभर पाणी ठेवायचं, म्हणजे तांदूळ करपत नाहीत, ही त्या नर्सची युक्ती वनमालाला ऐन वेळी आठवली. दोन मिनिटांनी पिशवी बाहेर काढली. ओव्याचा वास, पेजेचा वास, आणि हाताला सोसेल अशी सगळीकडे सारखी ऊब.

खाली नेऊन अनुपमाच्या मानेवर ठेवली. तिचे खांदे हळूहळू खाली आले, मग डोळे मिटले, आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "आई, सुटतंय काहीतरी." मला इतका आनंद झाला की मी उगाचच लवूवर ओरडले, मध्ये काय उभा राहिलायस म्हणून. संध्याकाळपर्यंत वनमाला जिन्यावरून पिशव्या घेऊन वर-खाली करत होती. रात्री जेवताना अनुपमा उजवीकडे पूर्ण वळत होती. डावीकडे मात्र अर्ध्यावर अडकत होती.

सकाळी पुन्हा शेकलं, तरी डावीकडचं तेवढं राहिलंच. आणि हॉलमध्ये शेक कसा द्यायचा? तिथे कुठला ओव्हन? पुन्हा वनमालाच धावली. तिच्याकडे पोळ्या गरम राहायचा कॅसरोल होता, मस्कतचाच. निघायच्या आधी दोन्ही पिशव्या चांगल्या तापवल्या, फडक्यात गुंडाळल्या, कॅसरोलमध्ये ठेवून झाकण घट्ट लावलं. लवूला सुट्टी मिळाली नव्हती, हे तर कालपासून तोंड लपवतच होते. आम्ही तिघी बायका रिक्षाने चेंबूरला निघालो. कॅसरोल वनमालाच्या मांडीवर. खड्डा आला की ती रिक्षावाल्याला दम देत होती, आणि मी मनात म्हटलं, बाई आपल्या वळणाची आहे.

समोरची खेळाडू माणिक, वाकोल्याची. मागची दोन वर्षं तीच चॅम्पियन. पोरगी शांत, कमी बोलणारी, आणि तिचा थंब, म्हणजे अंगठ्याचा मार, बघून माझ्यासारखीचाही ऊर धडधडायचा. तिच्याबरोबर तिची आत्या आली होती. बोलण्यावरून मी लगेच ओळखलं, आमच्याच मालवणकडची.

तीन गेमची मॅच. पहिल्या गेममध्ये अनुपमाचं काय होतंय ते मला लांबूनही दिसत होतं. समोरच्या सोंगट्या ती टपाटप घेत होती. पण डाव्या कोपऱ्यात, अंगाजवळ सोंगटी आली की नुसत्या अंदाजाने मारायची आणि चुकायची. माणिकने ते दोन बोर्डांतच, म्हणजे दोन डावांतच, हेरलं आणि मुद्दाम सोंगट्या तिथेच ढकलायला लागली. खेळच तो, तिला दोष नाही. पहिला गेम गेला. बँकेचे साहेब पहिल्या रांगेत होते, त्यांनी घड्याळ बघितलं.

मधल्या सुट्टीत वनमालाने कॅसरोल उघडला. पिशवी अजून चांगली गरम होती. मी ती अनुपमाच्या मानेवर ठेवली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. ती डोळे मिटून बसली होती. पंचांनी नाव पुकारलं तेव्हा तिने मान डावीकडे वळवून बघितली, अर्ध्याच्या पुढे गेली. दुसरा गेम तिने झकास काढला. डाव्या कोपऱ्यातल्या दोन सोंगट्या अंगठ्याने अशा घेतल्या की मागून टाळ्या आल्या.

एक एक झालं. मी दुसरी पिशवी काढली आणि मानेवर ठेवणार, तेवढ्यात माणिकची आत्या उभी राहिली आणि थेट पंचांकडे गेली. हात माझ्याकडे करून म्हणाली, ह्या बाईने भारलेले तांदूळ आणलेत, करणी करतायत.

आता मालवणी माणसाला करणी समजावून सांगावी लागत नाही. पांढऱ्या फडक्यात बांधलेले तांदूळ, उग्र वास, खेळाडूच्या मानेवर ठेवले काय आणि हरणारी पोरगी जिंकायला लागली काय. तिच्या जागी मी असते तर मलाही हेच वाटलं असतं. जरीकाठाची पिशवी असती तर एकाला शंका आली नसती, हे माझ्या मनात येऊन गेलं. पण मनात काहीही येवो, तोंड गप्प बसेल तर ती मी कसली? मी म्हटलं, भारलेले नाहीत, ओव्हनमध्ये तापवलेले आहेत. आत्या म्हणाली, तांदूळ कोण ओव्हनमध्ये तापवतो? आणि खरं सांगायचं तर तिथे कुणालाच ते माहीत नव्हतं. वनमाला समजावायला गेली, तर तिने आगीशिवाय तापतं, आत नुसता दिवा लागतो असं सांगितलं. त्याने गोष्ट आणखीच बिघडली.

पंच वयस्कर, भला माणूस. तो कानकोंडा होऊन म्हणाला, माझा विश्वास नाही असल्या गोष्टींवर, पण तक्रार आली आहे, तोवर पिशवी वापरता येणार नाही. मी अनुपमाकडे बघितलं. ती हात चोळत बसली होती. मान पुन्हा धरायला लागली की ती खांदा उचलते, तसा तिने उचलला होता.

माझं डोकं फिरलं. मी पिशवीचा कोपरा दातांत धरला आणि टराटरा उसवला. मूठभर तांदूळ काढले आणि सगळ्यांसमोर तोंडात टाकले. कच्चे, उकडे, गरम तांदूळ. दाढा वाजत होत्या तरी चावले आणि गिळले.

"करणी असेल तर आधी मी मरेन," मी आत्याला म्हटलं. "घे, तू पण खा. गावचे आहेत, दोघींच्या घरचे सारखेच."

आत्या दोन पावलं मागे सरकली. पंचांनी पुढे येऊन माझ्या हातातले दोन दाणे उचलले, चावून बघितले आणि म्हणाले, उकडा आहे. मागून हसू फुटलं. आणि तेवढ्यात माणिकच बोलली. ती म्हणाली, "आत्या, बस ना आता. मला असं जिंकायचं नाहीये." मला ती पोरगी त्या क्षणी फार आवडली. तिच्या विरुद्ध आपली पोरगी खेळतेय हे मी विसरले नाही, पण आवडली.

वादात गेलेला वेळ पंचांनी आम्हाला भरून दिला. पिशवीला आता भोक होतं आणि तांदूळ सांडत होते. वनमालाने आपला रुमाल काढून कोपरा गाठ मारून आवळला, आणि सांडू नये म्हणून ती गाठ स्वतः मुठीत धरून उभी राहिली. मी दुसरी बाजू धरली. अनुपमा आमच्या दोघींच्या मध्ये बसून शेक घेत होती. ऊब कमी झाली होती, पण होती.

तिसरा गेम शेवटच्या बोर्डापर्यंत गेला. कोण जिंकतंय, कोण हरतंय, काही कळेना. शेवटी माणिकची एकच काळी सोंगटी उरली. अनुपमाची एकच पांढरी, आणि राणी अजून बोर्डावरच. माणिकने राणीवर मारलं, राणी थोडक्यात चुकली, पण तिची काळी सोंगटी भोकाच्या तोंडाशीच बसली होती. फुंकर मारली असती तरी आत गेली असती. आता अनुपमाला राणी घ्यायची होती आणि लगेच पांढरी टाकून ती कव्हर करायची होती. चुकली की खेळ खलास, नोकरी गेली, सगळं गेलं.

राणी समोर होती. तिने घेतली, सहज. आणि पांढरी कुठे? डाव्या कोपऱ्यात, तिच्या कोपराजवळ, पार मागे.

मी वनमालाचा हात एवढा दाबला की तिच्या बांगडीचा वळ माझ्या तळव्यावर उठला. अनुपमाने स्ट्रायकर ठेवला. थोडा सरकवला, पुन्हा ठेवला. मग तिने मान वळवली. डावीकडे, अर्ध्यावर गेली, अडली. तिने श्वास सोडला, आणि मान पुढे गेली. पूर्ण गेली. खाली वाकून तिने त्या सोंगटीकडे सरळ, डोळ्यांत डोळे घालून बघावं तसं बघितलं, आणि अंगठा मारला.

पांढरी गेली. भोकात पडल्याचा आवाज मी ऐकला, नंतर टाळ्यांमध्ये काहीच ऐकू आलं नाही. माणिकने उठून आधी हात पुढे केला. वनमाला मोठमोठ्याने रडत होती. मी रडले नाही असं मी घरी सांगितलं, पण रडले होते. पोरीने त्या आखडलेल्या मानेने चॅम्पियनला हरवलं होतं, आणि त्यात माझे दोन हात होते. असा अभिमान मला लवू पास झाला तेव्हाही वाटला नव्हता.

गर्दी जरा ओसरल्यावर बँकेचे साहेब आले. कोटबिट घातलेले, बोलायला सभ्य. अनुपमाचं अभिनंदन केलं, खेळाचं कौतुक केलं, आणि मग जरा घुटमळून म्हणाले, "आमच्याकडून पत्र येईल. पण त्याआधी तुम्ही घरी विचारून घ्या. मागे एकदा असंच झालं, सासरचे नको म्हणाले आणि आमची जागा वर्षभर रिकामी राहिली. सकाळची बँक, संध्याकाळची प्रॅक्टिस, स्पर्धांना बाहेरगावी जावं लागतं. घरचे तयार असतील तरच कळवा."

अनुपमाने उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण ती बोलायच्या आत मी पुढे झाले. दाढेत अजून एक दाणा अडकला होता, तो जिभेने काढला.

"घर इथेच उभं आहे साहेब," मी म्हटलं. "विचारा काय ते."

साहेब गोंधळले. माझ्याकडे, मग तिच्याकडे, मग वनमालाच्या हातातल्या कॅसरोलकडे बघत त्यांनी विचारलं, तुम्ही ह्यांच्या आई का? सासू, मी म्हटलं. मग त्यांनी खरंच विचारलं. सूनबाई दिवसभर बाहेर राहतील, घरच्या कामाचं काय?

"घरात तिचा नवरा आहे, सासरा आहे, मी आहे," मी म्हटलं. "सगळ्यांना दोन दोन हात आहेत. तुम्ही पत्र सावकाश पाठवा. सोमवारी तिला किती वाजता पाठवू तेवढं आत्ता सांगा."